बाळाची झोळी: टांगायची कशी, वापरायची कशी, उतरवायची कधी

"रिकामा पाळणा हलवू नये, बाळाच्या पोटात दुखतं," असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. थोरलीच्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं. धाकट्याच्या वेळी एका दुपारी त्याला झोळीतून काढून मी आंघोळीला नेलं आणि परत आले, तर साडेचार वर्षांची थोरली त्याच झोळीत शिरून गोल गोल फिरत होती. साडीला तीन-चार पीळ बसले होते आणि पीळ तिच्या खांद्यापर्यंत उतरला होता. ती खिदळत होती. मी तिला उचलून धरलं, पीळ उलटा फिरवून सोडवला. तिला काहीच झालं नाही. पण पोटदुखीच्या त्या समजुतीमागे कुणीतरी शहाण्या बाईने काय पाहिलं असेल, ते मला त्या दुपारी कळलं.

साडीच्या झोक्याचा फास बसून मूल दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. नीट वाचलं तर त्यातली बरीच मुलं तान्ही नसतात. सहा, आठ, दहा वर्षांची असतात, खेळता खेळता अडकलेली. म्हणून झोळी बांधायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. बाळ आत असताना काय होऊ शकतं, आणि बाळ आत नसताना काय होऊ शकतं. दुसरा प्रश्न बहुतेक कुणी विचारतच नाही.

झोळी शांत करायला, झोप सपाट अंथरुणावर

हे आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त वाद यावरूनच होतात. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेत ताकद नसते. झोळीत पाठीचा कमान होतो, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दुमडल्यासारखी होते. मोठा माणूस गुदमरला की धडपडतो. दोन महिन्यांचं बाळ धडपडतही नाही, आवाजही करत नाही. "किती शांत झोपलंय" असं म्हणून आपण दार ओढून घेतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ साली सुरक्षित झोपेच्या सूचना नव्याने दिल्या. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावं, चढ १० अंशांपेक्षा जास्त नको, असं त्यात आहे. त्याच वर्षी तिथे कायदा होऊन १० अंशांहून जास्त उतार असलेल्या, बाळाला झोपवण्यासाठीच्या वस्तू विकण्यावर बंदी आली. आपल्या झोळीचा बाक १० अंशांत कुठे बसतो? बसतच नाही.

"आमची सगळी पोरं झोळीतच वाढली" हे उत्तर मला माहीत आहे, मीही झोळीतच वाढले. म्हणून झोळी टाकून द्या असं मी म्हणत नाही. रडणारं बाळ शांत करायला, डोळा लागेपर्यंत जोजवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र झोप लागली की उचलून अंथरुणावर ठेवायचं, पाठीवर. ठेवल्याबरोबर जागं होतं, ही तक्रार सगळ्यांची. जपानच्या रिकेन संस्थेत कुमी कुरोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमकं यावरच काम प्रसिद्ध केलं: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चालायचं, झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं हातात घेऊन नुसतं बसायचं, मग खाली ठेवायचं. झोळीलाही मी हाच हिशोब लावला. झोका थांबल्यावर पाच-सात मिनिटं हात न लावता बसायचं, मग उचलायचं. दहातल्या सहा-सात वेळा जमायचं.

लाकडी पाळण्याची गोष्ट थोडी वेगळी. तळ सपाट फळीचा असेल, गादी पातळ आणि घट्ट असेल, तर तो झोळीपेक्षा केव्हाही बरा. त्यात उशी, लोड, जाड गोधडी कोंबू नका. कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर धड बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. माळ्यावरून काढलेला पणजोबांच्या काळचा पाळणा असेल तर रंग खरवडून नवा शिसेमुक्त रंग द्या, कारण जुन्या तेली रंगात शिसं असू शकतं. खरवडताना बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, नुसतं फडकं शिशाची धूळ अडवत नाही, आणि बाळंतिणीला, मुलांना घराबाहेर धाडा.

टांगायचं कुठे

घरातले पुरुष इथे घाई करतात. "पंख्याचा आकडा आहे की!" असं म्हणून पाच मिनिटांत दोरी वर जाते. पंखा जागच्या जागी फिरतो, झोळी मात्र दिवसातून शेकडो वेळा आकड्याला डावी-उजवीकडे घासते. आकडा वर्षानुवर्षं गंजत आलेला असतो आणि गंज प्लास्टरच्या आत असतो, तो खालून दिसत नाही. आमच्या जुन्या भाड्याच्या घरात आकड्याभोवतीचं प्लास्टर तव्याएवढं सुटून पडलं, सुदैवाने रात्री. पंख्याचाच आकडा वापरायचा असेल तर पंखा उतरवा, भोवतालचं प्लास्टर ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तांबूस डाग दिसला किंवा तडा असला तर तो आकडा विसरा. आणि चालू पंख्याच्या खाली झोळी कधीच नको.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्लॅबमध्ये नवा अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, बसवून घेणं, १० किंवा १२ मिलिमीटरचा, बंद डोळ्याचा (खाली पूर्ण गोल कडं असलेला). ड्रिलवाल्याला तीन गोष्टी सांगायच्या. एक, बोल्टचा फुगणारा भाग काँक्रीटमध्ये गेला पाहिजे, प्लास्टरमध्ये नाही; छताला प्लास्टरचा थर असतो तेवढी खोली जास्त धरायची. दोन, पंख्यापासून बटणांच्या बोर्डाकडे जाणारी वायर बहुधा स्लॅबमधूनच जाते, त्या रेषेत भोक पाडायचं नाही. तीन, सळई लागली तर ती कापायची नाही, दोन-तीन इंच बाजूला सरकायचं. इमारत जुनी असेल, छताला ओल असेल, सळया उघड्या पडल्या असतील तर स्लॅबला हात न लावता स्टँड आणा. आणि पीओपीच्या खोट्या छताला काहीही टांगायचं नाही, अगदी "आत फ्रेम आहे" असं कुणी सांगितलं तरी.

जुन्या वाड्यात किंवा कौलारू घरात तुळईला टांगता येतं. तुळईला टोचा मारून बघा, भुसा पडला किंवा टोचा लोण्यात गेल्यासारखा गेला तर वाळवी आहे. दोरी सरळ लाकडावर न गुंडाळता मध्ये जाड गोणपाट घाला, म्हणजे दोरी झिजत नाही. वाशाला टांगू नका, तो कौलांचा भार पेलण्यापुरता असतो.

शेतावर, ऊसतोडीच्या फडात झाडाला झोळी बांधावी लागते, दुसरा इलाज नसतो. तिथे झाड निवडण्यात सगळं आलं. शेवग्याची फांदी न सांगता मोडते, जांभळाची दिसते त्याहून ठिसूळ. लिंब, चिंच, बाभूळ बरी. फांदी मनगटाएवढी नव्हे, मांडीएवढी हवी, आणि ओली, हिरव्या पानांची. खाली मुंग्यांचं वारूळ नाही ना, वर लाल मुंग्यांचं पानांचं घरटं नाही ना, तेही बघायचं. बैलगाडीखाली झोळी बांधली असेल तर बैल सोडलेले आणि चाकांना दगडाची उटी लावलेली हवी. आणि झोळी काम करणाऱ्या बाईच्या नजरेच्या टप्प्यात हवी, सावली थोडी कमी मिळाली तरी चालेल.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांसाठी एक वाक्य: तिथल्या बऱ्याच घरांचं छत पातळ बोर्डाचं असतं, आकडा त्यामागच्या लाकडी दांड्यात गेला नाही तर तो बोर्डासकट खाली येतो; भाड्याच्या घरात स्टँडच घ्या.

स्टँड घेताना त्याचे पाय किती फाकतात ते बघा. झोळी पूर्ण झोक्याच्या टोकाला असताना मागचा पाय उचलला जात असेल तर तो स्टँड परत करा. पायांना रबरी टोप्या हव्यात, गुळगुळीत टाइल्सवर खाली रबरी चटई. जोडांच्या पिना रोज एकदा दाबून बघायच्या.

जागा निवडताना झोक्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन फूट मोकळी जागा सोडा. भिंतीचा कोपरा, कपाटाचं दार, खिडकीच्या पडद्याची दोरी, मिक्सरची वायर, यातलं काहीच हाताच्या अंतरावर नको. स्वयंपाकघरात झोळी नको, ओट्याजवळ तर नकोच.

दोरी, साडी, गाठ

साडी सुती. सासूबाईंची मऊ झालेली नऊवारी सगळ्यांना आवडते, पण मऊ म्हणजे झिजलेली. उजेडासमोर धरून बघा, जिथे तारा विरळ दिसतात तिथून ती फाटणार. दोन्ही हातांनी आडवी ताणून बघा, चर्र आवाज आला तर तिचं दुपटं शिवा, झोळी नको. नायलॉन, जॉर्जेट, सिंथेटिक सिल्क नकोच, गाठ सरकते आणि कापडातून हवा जात नाही. साडी दुहेरी घ्या.

दोरी बोटभर जाडीची, नवी. कपडे वाळत घालायची निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी उन्हाने आतून भुसभुशीत झालेली असते. आकडा आणि दोरी यांच्यामध्ये एसच्या आकाराचा उघडा हूक घालू नका, बाळाला उचलताना झोळी वर सरकली की तो निसटतो. स्क्रूने बंद होणारी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती घ्या.

गाठ निरगाठ, सुरगाठ नाही. सुरगाठ ओढली की सुटते, ती परकराच्या नाडीला ठीक. निरगाठ मारल्यावर पुढे निदान वीतभर टोक सोडा आणि त्या टोकाची पुन्हा एक गाठ मुख्य दोरीवर मारा. धुण्यासाठी दर चार-पाच दिवसांनी सोडावी लागते म्हणून लोक सैल बांधतात. त्यापेक्षा दोन साड्या आलटून पालटून वापरा.

झोळीच्या तोंडाशी आडवी काठी हवीच. दीड-दोन फुटांची, गुळगुळीत, टोकांना कापड गुंडाळलेली, कापडाच्या दोन्ही बाजू लांब ठेवणारी. काठी नसली तर बाळाच्या वजनाने साडीच्या दोन्ही कडा जवळ येतात आणि तोंडावर मिटतात. काठी निसटून बाळावर पडू नये म्हणून ती दोन्हीकडे शिवून किंवा बांधून पक्की करा.

उंची ठरवताना "कुत्रा-मांजर पोचू नये" म्हणून कमरेएवढी बांधतात. माझं मत उलट आहे. झोळीचा तळ जमिनीपासून गुडघ्याएवढा, साधारण दीड फूट, आणि खाली दुमडलेली सतरंजी किंवा जाड गोधडी. मांजराला घराबाहेर ठेवता येतं, पडण्याची उंची मात्र एकदा बांधली की बदलत नाही.

आधी तांदळाची गोणी, मग बाळ

पाच महिन्यांचं बाळ साधारण सहा-सात किलोचं, वर्षाचं नऊ-दहा किलोचं. झोका ३० अंशांपर्यंत गेला तर खाली येताना दोरीवर वजनाच्या सव्वापट ओढ पडते. एवढं फार नाही. पण थोरलं भावंडं झोळीला लोंबकळतं तेव्हा एकदम २० किलो वाढतात, आणि ते कधीतरी लोंबकळणारच. म्हणून आकड्याने निदान ५० किलो पेलायला हवेत.

तपासायची रीत सोपी आहे. २५ किलोची तांदळाची गोणी झोळीत ठेवा, रात्रभर. सकाळी गाठी, कडी, आकड्याभोवतीचं प्लास्टर बघा. मग दोन गोण्या ठेवा आणि दहा मिनिटं चांगला झोका द्या. कुरकुर आली, वरून पांढरी भुकटी पडली, गाठ बोटभर जरी सरकली, तर सगळं उतरवून पुन्हा करा. आमच्याकडे पहिल्या खेपेला गाठ जवळपास वीतभर सरकली होती. बांधणाऱ्याने मला त्याचा राग यायच्या आत चहा करून आणला.

एक गंमत यात कळते. दोरी जितकी लांब तितका झोका सावकाश. दोन मीटर दोरीला एक पूर्ण येरझार व्हायला पावणेतीन सेकंदांहून थोडं जास्त लागतं, एक मीटरला दोन. बाळ किती जड आहे याने फरक पडत नाही. म्हणून उंच तुळईचा झोका संथ वाटतो आणि बुटक्या स्टँडचा धांदरट. छोट्या स्टँडवर झोका आणखी लहान द्या.

बाळाला ठेवताना, झोका देताना

एका हाताने डोकं-मान, दुसऱ्याने कुल्ले धरून आधी कुल्ले टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. तोंड आणि नाक झोळीच्या कडेला नाही, वर. हनुवटी आणि छाती यांच्यात तुमची दोन बोटं जायला हवीत. जात नसतील तर बाळ खाली घसरलं आहे, उचलून पुन्हा ठेवा. तोंडावर ओढणी नाही. उजेड लागतो म्हणून झोळीवर साडीचा पदर टाकणं, डास चावतात म्हणून दुपट्याने झाकणं, हे पूर्ण बंद. मच्छरदाणी हवी असेल तर ती अख्ख्या झोळीभोवती, वरून लटकवलेली.

दूध पाजल्यावर ढेकर काढून निदान अर्धा तास झोका नको. पोटभर दूध आणि झोका म्हणजे ओकारी, आणि पाठीचा बाक असताना ओकारी नाकात जाते. ताप, सर्दीने नाक बंद, वेळेआधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ, यांच्यासाठी झोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

झोका म्हणजे वीत-दीड वीत इकडे, तेवढाच तिकडे. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून स्वयंपाक करत झोका देणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांचं कसब मान्य, पण त्यांची पाठ बाळाकडे असते. पाहुण्या मुलांना "जरा झोका दे रे" म्हणून सांगू नका, ती हमखास जोरात देतात. चिडचिड झाली असेल, रात्रीचे तीन वाजले असतील, बाळ थांबतच नसेल, तर झोका जोरात देऊ नका. जोराने हलवलं तर तान्ह्या बाळाच्या मेंदूला इजा होते. त्याला सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहा. रडून बाळाला काही होत नाही.

स्प्रिंग, मोटर, बॅटरीचे झोके

स्प्रिंगच्या पाळण्यात धक्का वर-खाली बसतो, म्हणून आकड्यावर ताण जास्त. स्प्रिंगच्या आतून एक जादा साखळी किंवा दोरी सैल सोडून वर-खाली बांधा, स्प्रिंग तुटली तर पाळणा तिच्यावर अडतो. स्प्रिंगवर कापडाची पिशवी चढवा, तिच्यात बोटं आणि केस सापडतात.

आपोआप झोका देणारी मोटर मला आवडत नाही, हे स्पष्टच सांगते. बाळाचा हात अडकला, तोंड झाकलं गेलं तरी ती हलवतच राहते, आणि झोका चालू आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. घ्यायचीच असेल तर ठरावीक वेळाने बंद होणारी घ्या आणि खोलीतून जाऊ नका.

खुर्चीसारख्या बॅटरीच्या झोक्यांचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिशर-प्राइस या अमेरिकी खेळणी कंपनीने 'स्नूगा' मालिकेतल्या २० लाखांहून अधिक झोक्यांबाबत धोक्याची, परत मागवण्याची सूचना (रिकॉल) काढली. २०१२ ते २०२२ या काळात त्यांत पाच बाळं दगावली होती, एक ते तीन महिन्यांची, झोपायला ठेवलेली. बहुतेक वेळा पट्टे लावलेले नव्हते आणि आत जादा अंथरूण घातलेलं होतं. तेव्हा पाचही पट्टे लावायचे, तेही दर वेळी. पाठ जास्तीत जास्त आडवी करायची. आत स्वतःची गादी, उशी घालायची नाही. टेबलावर, पलंगावर झोका ठेवायचा नाही. भाचरांकडून आलेला जुना झोका असेल तर मॉडेलचं नाव टाकून तो परत मागवलाय का, ते आधी बघा.

चिमणाळं, काळा दोरा, कुंची

झोळीवर टांगलेलं चिमणाळं बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं वर, आणि त्याची दोरी वितीपेक्षा लांब नको. बाळ हात मारायला लागलं की ते काढायचं. घुंगरं शिवलेली असतील तर एकेक ओढून बघा, सुटलेलं घुंगरू तोंडात जातं. विकतचं वाजणारं खेळणं असेल तर त्यावर आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. बटणासारखा चपटा सेल असलेलं झाकण स्क्रूचं हवं, तो सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

झोळीत ठेवताना गळ्यातला काळा दोरा, ताईत, कुंचीच्या नाड्या, सगळं काढायचं. दृष्टीसाठी हवंच असेल तर पायात बांधा, सैल. आजी रागावतील. रागावू द्या.

रिकामी झाली की

बाळ बाहेर काढलं की झोळीचं खालचं टोक वर आकड्यात अडकवायचं, किंवा कडी उघडून अख्खी झोळी उतरवायची. घरात दोन ते दहा वर्षांचं मूल असेल तर उतरवायचीच. मी त्यासाठी कडी हाताने उघडता येईल अशी घेतली होती आणि स्टूल दुसऱ्या खोलीत ठेवायचे. कुणी अडकलेलं दिसलं तर आधी मुलाला उचलून वजन काढायचं, मग पीळ सोडवायचा. सोडवत बसायचं नाही, उचलायचं आधी. कात्री त्याच खोलीत, उंचावर, खिळ्याला टांगलेली असू दे. श्वास नसेल तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छाती दाबायला सुरुवात करायची. हे शिकायला अर्धा दिवस पुरतो. बाळंतपणाआधीच शिकून घ्या, नंतर झोपही मिळत नाही.

बाळ झोळीतून पडलं तर लगेच रडलं आणि मग दूध प्यायलं, तरी चोवीस तास लक्ष ठेवा. पडल्यावर शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली, टाळू फुगली, कानातून किंवा नाकातून पाणी-रक्त आलं, तर वाट न पाहता दवाखान्यात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लक्षण नसलं तरी दाखवून या.

उतरवायची कधी

बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळीचे दिवस संपत आले. कडेला धरून उठू पाहतं, एका पायावर जोर देतं, त्या दिवशी संपले. काहींचं पाचव्या महिन्यात होतं, काहींचं सातव्या. लाकडी पाळण्याला आणि स्टँडला हाच नियम. पट्ट्यांच्या झोक्याला कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा, बऱ्याचदा नऊ ते अकरा किलो, किंवा बाळ बाहेर चढू पाहील तो दिवस, यातलं जे आधी येईल ते.

छतातला डोळा तसाच ठेवलात तर थोरली मुलं त्याला ओढणी बांधतील. तो काढून बोल्टच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी लावा. साडीचं दुपटं होतं, गोधडीत तुकडा जातो. वर्षभराने नणंद किंवा शेजारीण तुमची झोळी मागायला येईल, आपल्याकडे हातगुणाची झोळी मागायची रीतच आहे. साडी द्या, काठी द्या. दोरी देऊ नका, नवी घ्यायला सांगा, आणि तांदळाच्या गोणीचं तेवढं न विसरता सांगा.